सीडीचा देश मीच बदलला होता

बारा-तेरा वर्षं मी ही गोष्ट टाळत आलो. लिहायची म्हणून तीनदा नवी वही आणली आणि तिन्ही वह्या शेवटी बायकोच्या किराण्याच्या याद्यांना कामी आल्या. आता आणखी एक वही वाया घालवण्याइतका वेळ माझ्यापाशी असेल असं वाटत नाही. म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. पांढरकवड्यात आमच्या गल्लीत सगळ्यांची अशी समजूत आहे की माझा कॉम्प्युटर रेडिओवाल्या भाऊंनी बिघडवला आणि त्यानंतर त्यावर अमेरिकेतल्या सीड्या चालेनाशा झाल्या. भाऊंनी काही बिघडवलं नव्हतं. ते मी केलं होतं, आणि मी केलंय हे मला त्याच क्षणी माहीत होतं. त्या एका खोट्यापायी भाऊंचं कारागीर म्हणून असलेलं नाव गेलं आणि नावाबरोबर त्यांना फार हवं असलेलं एक कामही गेलं.

एवढं सांगितल्यावर वाटेल की ही रडकी गोष्ट आहे. पण तसं नाही. ज्या रविवारांची ही गोष्ट आहे, त्या रविवारी हसलो तितका मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या काळात हसलेलो नाही.

भाऊंचं दुकान हायवेच्या कडेला होतं, दोन खाटा जेमतेम मावतील एवढं. रेडिओ, टेप, टीव्ही, जे बोलतं ते सगळं दुरुस्त करायचे. हैदराबादकडून येणारे ट्रकवाले खास त्यांच्यासाठी गाडी बाजूला घ्यायचे. एका सरदारजींनी तर टेप चांगला चालला म्हणून परतीच्या फेरीत सफरचंदांची आख्खी पेटी आणून दिली होती आणि आठवडाभर आमची गल्ली सफरचंदं खात होती. भाऊ आठवी शिकलेले. इंग्रजीतले आकडे तेवढे वाचायचे, अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती. आणि मी एकतीस वर्षं इथल्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, पण मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला सर.

माझा मुलगा तेव्हा नुकताच अमेरिकेला गेला होता. त्याच्याशी बोलता यावं म्हणून घरात कॉम्प्युटर आला, नागपूरच्या एका दुकानातून जोडून आणलेला. पहिल्याच दिवाळीत त्याने कोणा ओळखीच्याबरोबर एक खोकं पाठवलं. त्यात बारा सिनेमांच्या डिस्क होत्या. आम्ही सगळ्यांना सीडीच म्हणायचो. सगळे जुने, काळे-पांढरे, मुके सिनेमे. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आईला भाषेची अडचण येऊ नये म्हणून शोधून शोधून न बोलणारे घेतले.’

आईने, म्हणजे माझ्या बायकोने, ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाली, “लावा बरं एखादी.”

लावली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं थांबलं.

“काय म्हणून राह्यलं ते?”

“ही सीडी या देशात चालत नाई म्हणते.”

“काहून? तिले काय पासपोर्ट लागते का?”

ती चेष्टेत बोलली, पण प्रकार तसाच होता. डब्याच्या पाठीवर पृथ्वीचा एक लहानसा गोळा छापलेला आणि त्यात एकचा आकडा. सिनेमावाल्या कंपन्यांनी जगाच्या वाटण्या करून ठेवल्या होत्या. अमेरिकेला एक नंबर, आपल्याला पाच. एक नंबरची सीडी पाच नंबरच्या यंत्रात घातली की यंत्र तिला ओळख देत नसे. मुलाने तिथल्या दुकानात सीड्या घेतल्या, पण हे काही त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी भाऊंना बोलावलं. ते पेचकस घेऊन आले, कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली आणि पेचकस परत खिशात ठेवला.

“सर, हे कुलूप आंदर नाई, आकड्यात हाये. मी नागपूरले पाह्यलं होतं एकापाशी.” त्यांनी चार-दोन ठिकाणी दाबून एक पान उघडलं. त्यावर देशांची लांबलचक यादी होती. “आता तुमी वाचा. खाली काय लिहून राह्यलं?”

“आणखी चार वेळा देश बदलता येईल, असं लिहिलंय.”

“बराबर. पाच डाव भेटतात. एक नागपूरवाल्यानं वापरला, भारत लावून. आता मी अमेरिका लावतो. राह्यले तीन.” मी यादीत अमेरिका दाखवली, त्यांनी ती लावली आणि माझ्याकडे वळून हात जोडल्यासारखं केलं. “आता याले अमेरिकेतच राहू द्या. आपल्या इकडच्या लग्नाच्या, गाण्याच्या सीड्या कोठीबी चालतात, त्याईले कुलूप नसते. पाच डाव झाले का मंग कंपनीचा मालक आला तरी उघडत नाई. तुमी फकस्त हात लावू नका.”

मी मान डोलावली. एकतीस वर्षं मुलांची मान डोलवून घेतली, त्यामुळे ती कशी डोलवायची हे मला चांगलं येत होतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. सकाळी विहारातली वंदना व्हायची, दुपारची जेवणं उरकायची आणि तीनच्या सुमाराला गल्लीतल्या बाया आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायच्या. येताना कोणी मुरमुऱ्याचा चिवडा आणायची, कोणी उकडलेल्या शेंगा. पहिल्याच सिनेमात एक लठ्ठ पाववाला होता आणि त्याची गाडी ओढणारं एक हट्टी घोडं. सिनेमाभर घोडं जागचं हलायला तयार नाही आणि पाववाला त्याला हलवायला काय काय करतो, एवढीच कथा. पण मुका सिनेमा आमच्या गल्लीत मुका कसा राहील? शेजारी एक नर्सबाई राहायच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला घोड्याचा आवाज स्वतःकडे घेतला.

“नाई येत जाय! सकाळपासून चारा देल्ला का मले? पाव इकते अन् मले वास देते नुसता!”

माझ्या बायकोने पाववाल्याची बाजू घेतली. “चाल ना रे बैताडा, लोकाईचा पाव वाळून राह्यला!”

“वाळू दे. तुयाच अंगावरचं थोडं कमी कर, मंग ओढतो.”

घोड्याने पाववाल्याची टोपी खाल्ली तेव्हा खोलीत असा गोंधळ उडाला की शेंगांचं ताट उपडं झालं. भाऊ रविवारी दुपारी दुकान बंद करून यायचे आणि दाराच्या उंबऱ्याशी बसायचे. त्यांचं हसणं जुन्या स्कूटरसारखं होतं. आधी दोन-तीनदा नुसतीच खरखर, आपल्याला वाटावं की आता काही हे सुरू होत नाही, आणि मग एकदम फटफट सुरू, ते थांबायचं नाव नाही. बाया सिनेमा सोडून त्यांच्याकडे पाहून हसायच्या.

अशाच एका रविवारी सगळे गेल्यावर ते मागे थांबले. चहा घेताना म्हणाले, “सर, आता ट्रकवाले टेप लावत नाई. मोबाइलवरच गाणे आयकतात. तुमच्या शाळेत कॉम्प्युटर आले म्हणतात पंचवीसेक. त्याईची देखरेख भेटली ना, तर दुकान राहून जाईन माझं.”

मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. मी म्हणालो, “मी बोलतो ना.” आणि मला तसं बोलायचंही होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझी साळी उमरखेडहून आली. तिला आमच्या मुलीच्या लग्नाची सीडी पाहायची होती. ती लावली तर हळद लागताना नवरी मध्येच गोठून गेली. मी म्हटलं, झालं, यंत्र अमेरिकेत आहे, त्याला यवतमाळचं लग्न कसं कळेल. भाऊंनी सांगितलेलं मला आठवत होतं. पण आठवी शिकलेल्या माणसाला यातलं पूर्ण कळत नसणार, असं मी मनात म्हटलं. हे लिहिताना हात थांबतो. पण म्हटलं ते म्हटलं. मी ते पान उघडलं आणि भारत लावला. मग सीडी बाहेर काढून बनियनला पुसली आणि परत घातली. लग्न सुरळीत चालू झालं. हळद, अक्षता, जेवणावळ, सगळं. बोटांचे डाग पुसल्यामुळे ते चाललं होतं, देश बदलल्यामुळे नाही, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी साळीसमोर कॉलर ताठ केली.

रविवारी पुन्हा अमेरिका लावली. पडद्यावर आलं, आता एकदाच बदल करता येईल. मी वाचलं. आणि सिनेमा संपून बाया घरी गेल्यावर मी कॉम्प्युटर परत भारतात आणून ठेवला.

कोणी विचारेल, कशासाठी? त्या वेळी कुठलीही सीडी लावायची नव्हती. मला काम झाल्यावर वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय. डस्टर टेबलावर, खडू पेटीत, कॉम्प्युटर भारतात. पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहून आलं होतं की हा बदल शेवटचा आहे, यानंतर देश बदलता येणार नाही, तुमची खात्री आहे का? माझ्या विद्यार्थ्यांना मी जे वाक्य परीक्षेत भाषांतराला दिलं असतं तसलं सोपं वाक्य. मी ते वाचलं आणि रोज सकाळी मस्टरवर सही करायचो त्याच हाताने ‘हो’ दाबलं.

पुढच्या रविवारी खोली भरली. चिवडा आला, शेंगा आल्या. मी सीडी घातली आणि यंत्राने तिला ओळख दिली नाही. मी ते पान उघडलं. खाली शून्य होतं. 

“सर, घोडं झोपलं का?” नर्सबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

“काय झालं वो?” बायकोने विचारलं.

पंधरा-सोळा बाया माझ्याकडे पाहत होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या पोरांना मी इंग्रजी शिकवलेलं. आणि मला न वाचता हो म्हणणारा माणूस व्हायचं नव्हतं. वाचून हो म्हणणारा तर त्याहून नाही. माझ्या तोंडून निघालं, “गुरुवारी भाऊंनी येऊन कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ काढली ना, तवाच काहीतरी केलं असंन त्याईनं.”

मी मान वर केली तर भाऊ उंबऱ्यात उभे. चपला काढत होते.

ते कॉम्प्युटरपाशी येऊन बसले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, काय लिहून राह्यलं, वाचा बरं.”

मी वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. “यंत्रात आंतून बिघाड आहे, असं लिहिलंय.”

त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. त्यांनी स्वतः तीनवर सोडलेलं यंत्र शून्यावर आलेलं होतं. त्यांनी शून्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

“असंन सर,” ते म्हणाले. “धूळ काढताना माझ्याच हातानं झालं असंन.”

“बाप्पा भाऊ!” नर्सबाई म्हणाल्या. “ट्रकचा टेप अन् कॉम्प्युटर एकच समजले का तुमी?”

खोली हसली. भाऊही हसले, पण त्या दिवशी स्कूटर काही सुरू झाली नाही.

गल्लीतली गोष्ट बाजारापर्यंत जायला किती वेळ लागतो? महिन्याभराने मुख्याध्यापक आमच्या अंगणात खुर्चीवर बसून मला विचारत होते, “सर, शाळेचं काम भाऊंनाच द्यावं असं माझ्या मनात होतं. पण तुमच्या घरचं ऐकलं. खरं आहे का ते?”

‘नाही’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, “आता काय सांगू.” त्यांनी त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेतला. काम यवतमाळच्या एका माणसाला गेलं. तो दोन महिन्यांतून एकदा यायचा.

आणि भाऊ? त्या रविवारानंतर पंधरा दिवसांच्या आत ते काखेत एक जुना प्लेअर घेऊन दारात हजर. भंगारवाल्याकडे पडलेला होता, तो त्यांनी धुऊनपुसून उभा केला होता. टीव्हीला जोडला, रिमोटवरची बटणं कसल्याशा क्रमाने दाबली आणि मला म्हणाले, “याच्यात कोण्याबी देशाची लावा, हे नाव-गाव पुसत नाई. घोड्याले उठवा सर.”

मी अडखळत म्हणालो, “भाऊ, त्या दिवशी...”

“जाऊ द्या ना सर. बाया येऊन राह्यल्या, लावा.”

मी लावली. घोडं उठलं. नर्सबाईंनी पुन्हा त्याचा आवाज घेतला, बारा सिनेमे पुरले नाहीत म्हणून मुलाने आणखी खोकी पाठवली आणि चांगली दोन वर्षं आमच्या खोलीत रविवार साजरे झाले. एका सिनेमात एक बाई साहेबाच्या बंगल्यातले पडदे धुते आणि धुताना ते आटून रुमालाएवढे होतात. ते पाहून गल्लीतल्या आजी इतक्या हसल्या की त्यांची कवळी शेंगांच्या टोपलीत पडली आणि ती शोधायला सिनेमा थांबवावा लागला. भाऊ उंबऱ्यावर लोळायचे बाकी होते. त्यांची स्कूटर पुन्हा सुरू झाली होती. मी त्यांच्यासमोर हसायचो, मनापासून हसायचो, आणि हसून झालं की पुन्हा ते आठवायचं. पुढच्या रविवारी सांगू, असं मी दर रविवारी ठरवायचो.

दुकान दोनेक वर्षं कसंबसं चाललं. मग शटर पडलं आणि भाऊ बायकोला घेऊन आदिलाबादला मुलीकडे गेले. निघताना घरी आले, माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांना धरून वर उचललं. तेव्हाही मी बोललो नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी बायको शेंगा निवडत बसली होती. घोड्याचा विषय निघाला आणि ती सहज म्हणाली, “तो कॉम्प्युटर तुमीच बिघडवला होता ना?”

“तुले कोणं सांगितलं?”

“कोणं कायले सांगायले पायजे? खोटं बोलले का तुमी चष्मा पुसता. चाळीस वर्षं झाले, पाहून राह्यली मी.” तिने हातातली शेंग सुपात टाकली. “मले वाटलं, तुमी कवातरी त्याले सांगितलं असंन.”

“नाई सांगितलं.”

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “उद्या सकाळची बस पकडा. आदिलाबाद काय लंकेत नाई.”

मी गेलो. बसमध्ये पूर्ण वाक्यं तयार केली, जशी तासाच्या आधी करायचो. भाऊ अंगणात बाजेवर बसले होते. फार वाळले होते, पण मला पाहून असे उठले की मुलगी धावत आली. “बाबा, हळू!” त्यांनी नातवंडांना हाका मारल्या. “अरे पोट्टेहो, या! तो घोड्यावाला सिनेमा ज्याईच्या घरी पाह्यला ना, तेच हे सर!” नातवंडांना घोडं पाठ होतं. धाकटीने घोड्याचा आवाज काढून दाखवला, शब्दन्‌शब्द नर्सबाईंचा. भाऊंनी पाववाला केला. माझ्या वाट्याला टोपी आली, कारण घोड्याला खायला काहीतरी हवं होतं. माझ्या डोक्यावरची टोपी त्या पोरीने दाताने ओढली आणि भाऊंची खरखर सुरू झाली, एकदा, दोनदा, आणि मग स्कूटर अशी सुटली की मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या हसण्यात माझी तयार वाक्यं मला कुठेच घालता येईनात. त्यांनी मला जेवू घातलं. बस लागायची वेळ झाली तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले. मी म्हणालो, “भाऊ, एक सांगायचं होतं.”

“पुढच्या येळी सांगा सर. गाडी हुकंन तुमची.”

मी बसमध्ये चढलो. ते हात हलवत होते.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. शेवटच्या आठवड्यातही नातवंडांसोबत पाववाला करत होते.

मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या बायकोपुढे बसलो, पण जे भाऊंना सांगायचं ते दुसऱ्या कोणाला सांगून भागत नाही. आता हे छापून आलं तर गल्ली वाचेल, मुख्याध्यापक वाचतील, आणि भाऊंचा हात कसा होता हे सगळ्यांना नीट कळेल. एवढं तरी होऊ द्या. बाकी, त्या फाटकाशी जे म्हणायचं होतं ते हे.

भाऊ, त्या दिवशी पडद्यावर बिघाड लिहेल नव्हता. शून्य होतं, अन् ते मी केलतं. तुमी तर तीन ठेवून गेलते. मी तुमच्यासमोर खोटं वाचलं, अन् तुमाले ते समजलं हे मले समजलं होतं. शाळेचं काम माझ्या तोंडानं गेलं. तुमचा काही कसूर नव्हता. मले माफ करा.